सुनेला माहेरी पाठवणारं सॉफ्टवेअर

ता. ३ फेब्रु., सोमवार
लिही गं मुक्ता. सुनेने आज जाहीर केलं, डब्यांच्या धंद्याला सॉफ्टवेअर घ्यायचं. भाचीचं लग्न आहे माहेरी साताऱ्याला, चार दिवस राहायचंय तिला. एरवी अक्षता टाकून संध्याकाळी धायरीत हजर. कोणाचा डबा बंद, कोणाला बिनकांद्याचा, सगळं हिच्या डोक्यात. डोकं इथे ठेवून जाता येत नाही ना.
नात माझी, म्हणजे तूच, खराडीला असल्याच कंपनीत. म्हणाली, "आई, लगेच विकत नको घेऊस. काय हवंय ते आधी सगळ्यांना विचारते." घरच्या पोरीने घरात चौकशी लावली! हे गाळू नकोस, लिही.

ता. ५, बुधवार
चौकशी झाली. पोळ्यावाली कमल ठेवणीतली साडी नेसून आली. अडचण काय? "काय बी नाय ताई, समदं बेस हाय." सून म्हणाली, ऑर्डर रात्री घेते, सकाळी बदल नाही. मी म्हटलं, आम्हाला कसला त्रास, चहा घे. मुलगी बघायला पाहुणे आल्यासारखी सगळी गुणी माणसं. मुक्ताने तेच विकणाऱ्याला कळवलं.

ता. ८, शनिवार
विकणारा दाखवून गेला. बोलायला गोड. त्याचं यंत्र रात्री ऑर्डरींना दार लावतं, मग बदल नाही. सून पांढरीफटक. "आणि सकाळी बदलणारे?"
"आई, तूच म्हणालीस बदल नाही!"
"अगं, ते चारचौघांत सांगायचं असतं."
खरंच आहे. पाहुण्यापुढे कान तुटलेला कप कोण काढतं?

ता. १०, सोमवार
मुक्ताने रजा टाकली. आज प्रश्न नाहीत, कमलशेजारी कांदे चिरायला बसली. मग काय, सगळ्यांची तोंडं सुटली. "पोळ्या झाल्या की मंग सांगत्यात, अजून वाढव!" सून कबूल, डब्यांचा टेम्पो निघेपर्यंत बदल चालूच. आणि कमलने माझ्यावर लाटणं रोखलं. "आन् ह्या आज्जी! गॅलरीतून समद्यांना हो म्हनत्यात, आन् आत सांगायचं इसरत्यात."
म्हातारीवर आळ. खरा असला तरी आळच लिही.
मुक्ताच्या मागण्यांत आता मीच पहिली. आजीला लिहिता येत नाही, तेव्हा यंत्राला कान हवेत.

ता. १८, मंगळवार
दुसरं यंत्र आलं, ऐकून लिहिणारं, महिनाभर फुकट. मी गॅलरीत बोलले, "जोशींना एक डबा जास्त." आतून कमल ओरडली, "उमटलं वो आज्जी!" घ्यायचं का, ते सून परतल्यावर.

ता. २२, शनिवार
सून गेली. फोनवर फोन. "आई, डबे गेले?" गेले. "बिनकांद्याचा?" गेला. "तुम्ही कोणाला हो म्हणालात?" सासूला असं विचारतात! म्हटलं, तुलाच म्हणाले, जा म्हणून.

ता. २३, रविवार
आज बिनकांद्याच्या डब्यात कांदा गेला. यंत्राने बरोबर सांगितलं होतं, आम्हीच घाईत भरला. गिऱ्हाईक तापलं, मुक्ताने निभावलं. सुनेला कळवायचं नाही असं ठरलं.
दुपार टळत आली, तिचा एकही फोन नाही. मीच दोनदा मोबाइल हातात घेतला. मुक्ता म्हणाली, "लावून देऊ का?"
नको. माहेरी आडवी झाली असेल. इथे दुपारी कधी पाठ टेकली नाही तिने. झोपू दे.