फिनेलने धुतलेले गोदाम आणि एकतीस पोती कॉफी

प्रति,
मा. गुणवत्ता अधिकारी,
विभागीय कॉफी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कॉफी आमची असून फिनेलचा वास आपल्या कार्यालयाचा आहे, हे मान्य करण्याबाबत.

संदर्भ : १) गोदाम स्वच्छतेविषयीचे आपले परिपत्रक. २) आमची कॉफी नाकारणारा आपला चव अहवाल, दि. १२.

महोदय,

१. मी अठ्ठेचाळीस शेतकरी बायकांच्या सहकारी संस्थेची अध्यक्षा आहे. अकरा वर्षे आमची कॉफी व्यापाऱ्याच्या ढिगात मिसळून बिननावाची गेली. यंदा प्रथमच पोत्यांवर संस्थेचे नाव छापले आहे. आपला दाखला २० तारखेपर्यंत मिळाला नाही, तर खरेदीदाराची गाडी रिकामी परत जाईल आणि ते नाव पुसले जाईल.

२. कॉफी शेजारचा वास ओढून घेते. म्हणून सुकवणीच्या दिवसांत आमच्यातली एकही बाई केसांना तेल किंवा अंगाला वासाचा साबण लावत नाही. माझी नवी सून लग्नानंतर चौथ्या दिवशी कोरड्या केसांनी कामावर आली. खजिनदारबाईंनी तंबाखू ओढणाऱ्या नवऱ्याचे ताट तीन आठवडे कुंपणाबाहेर वाढले.

३. दि. २७ रोजी आपले निरीक्षक आले आणि परिपत्रकाप्रमाणे गोदामाची फरशी फिनेलने धुण्यास सांगून गेले. पोती आतच होती. मी हात जोडून वासाचे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "बाई, परिपत्रकात कॉफीच्या नाकाचा उल्लेख नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही फरशी धुतली. ही आमची चूक, आणि ती मी कबूल करते. सरकारी कागद पुढे आला म्हणून आम्ही स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही. त्यानंतर निरीक्षकांनी खिडक्या बंद करून दाराला सील ठोकले आणि नमुना काढायला अकरा दिवसांनी उगवले.

४. अहवालात लिहिले आहे : "औषधी वास. हाताळणी अस्वच्छ. महिला सदस्यांना प्रशिक्षणाची गरज." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. प्रशिक्षणाचे पत्रही तत्परतेने आले. विषय, गोदामाची स्वच्छता. सोबत आणावयाचे साहित्य : वही, पेन, फिनेल एक लिटर.

५. अहवाल मिळाल्यापासून दोन दिवसांत मी आपल्या कार्यालयात तीनदा आले. पहिल्यांदा निरीक्षकांना भेटा म्हणाले. दुसऱ्यांदा निरीक्षक रजेवर होते. तिसऱ्यांदा लिपिकाने एक छापील नमुना पुढे केला, त्यात 'माल आमच्या हलगर्जीपणामुळे खराब झाला' हे वाक्य आधीच होते, फक्त सही बाकी होती. मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. ती सही मी मेले तरी करणार नाही.

६. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा कुठल्याच कागदावर विश्वास नाही. फरशी धुण्याआधी त्यांनी एक पोते डोक्यावर घेतले आणि घरी नेले. "कागदाला नाक नसतं, मला आहे," एवढेच बोलल्या. शिस्त मोडली म्हणून मी त्यांना चारचौघींत बोलले. त्याबद्दल त्यांची या अर्जातच माफी मागते. एकतिसांपैकी तेवढे एकच पोते वाचले आहे. उरलेल्या तीस पोत्यांसाठी आम्ही रडून घेतले आहे, त्याची आपण तसदी घेऊ नये.

७. तरी विनंती की, या एका पोत्याला आमच्या नावाने दाखला द्यावा आणि तीस पोती कोणामुळे गेली ते अहवालात दुरुस्त करावे. खातरजमेसाठी दोन पुड्या जोडल्या आहेत. दोन्हींची कॉफी आपण स्वतः, आपल्या टेबलावर प्यावी. दुसरी पिणे आपल्याला जमले नाही, तर तसे लेखी कळवावे. आम्हाला पुरावा म्हणून तेवढे पुरेल.

अजून तरी नम्र असलेली,
(सही)
अध्यक्षा, शेतकरी महिला कॉफी सहकारी संस्था
दि. १४

सोबत :
१) अठ्ठेचाळीस सह्या व अंगठे.
२) पुडी पहिली, जाऊबाईंच्या पोत्यातील.
३) पुडी दुसरी, गोदामातील. पहिलीपासून लांब ठेवावी.
४) दोन कप. साध्या पाण्याने धुतलेले आहेत.