कोठीतला मका

२२ मे

ती. दादास ठकूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. शेतकी शाळेतली पोरं शिकवून तुझं समाधान होत नाही, म्हणून धाकट्या बहिणीलाही गृहपाठ देतोस, असं हे म्हणाले. पण मन लावून वाचलं हो.

वरच्या तुकड्यात या खेपेला मक्यावर मका न घेता सोयाबीन पेरतोय. ह्यांचा जीव मक्यात. सोयाबीन त्यांना सावत्र पीक वाटतं. पण माझे दीर, धाकटे भाऊजी, तुझ्या बाजूचे निघाले. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला खत देऊन जातात, पुढच्या मक्याला युरिया कमी लागेल, असं ते रोज सांगत राहिले. शेवटी हे कंटाळून हो म्हणाले. दोघे भाऊ दिवसभर भांडतात आणि जेवायला एकमेकांसाठी खोळंबतात. माझी जाऊ, धाकटी, म्हणते, आपण दोघी उगाच लग्न करून यांच्या मध्ये आलो.

लोभ आहे तेवढा असू दे, वाढवायचा असेल तर इथे येऊन वाढव.

तुझी ठकू

२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

शेंगा तडकायच्या आत सोयाबीन कापलं, त्यामुळे दाणा मातीत गेला नाही. त्या तुकड्यानं एवढं कधी दिलं नव्हतं. ह्यांनी तोंडानं कबूल केलं नाही, पण पोत्यांवरून हात फिरवत बसले होते.

मकाही उत्तम. सगळे एकदम विकतात तेव्हा भाव पडतो, थांबून विकावा, असं तू लिहिलं होतंस. म्हणून पत्र्याची नवी कोठी बसवली. घरापेक्षा उंच आहे, तळाशी यंत्र आहे, ते दाणा बाहेर ओढतं. भाऊजी दाणा दाताखाली धरून म्हणत होते की अजून उन्हं द्यायला हवीत. पण आभाळ भरून आलं होतं. हे म्हणाले, कोठीत वाळेल. भरला.

वहिनीला नमस्कार. लोभ असावा हे काय सांगायचं?

ठकू

१२ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

कोठीत वाळेल हे वाचून लगेच लिहायला बसलो. ओला मका कोठीत वाळत नाही, तापतो. ऊन पडताच बाहेर काढा, पसरा, मग परत भरा. दाजींना सांग की मी चिडलेलो नाही. खरं म्हणजे चिडलोय.

सगळ्यांना जपा.

दादा

१९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता मका आतच राहिला. आता कोठीचं झाकण उघडलं की आंबूस वास येतो. वर कवच धरलंय, माणूस उभा राहील इतकं घट्ट. हे म्हणतात, वरवरचं आहे. बाजार चढतोय आणि व्यापारी ट्रक पाठवणार आहे, म्हणून ते खुशीत आहेत. भाऊजी मात्र गप्प असतात. ते गप्प असले की मला घर ओळखू येत नाही.

माया असू दे.

ठकू

२७ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

हे पत्र जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. ते कवच जमिनीसारखं दिसतं, पण खालून दाणा ओढला की त्याच्याखाली पोकळी होते. यंत्र चालू असताना कोणीही आत उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर यंत्र बंद, कमरेला दोर आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मक्यात माणूस बुडतो, ठकू. पाण्यात निदान हातपाय मारता येतात.

वाचून झालं की तसं कळव.

दादा

२१ फेब्रुवारी

ती. दादास,

भाऊजी गेले, एवढंच तुला फोनवर कळलं. मला पुढे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं होतं. ह्यांनी स्वतः नवा दोर आणून शिडीला बांधून ठेवला. कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

ट्रक दारात उभा होता. अर्धा भरला आणि दाणा यायचा थांबला. ड्रायव्हर घाई करत होता. एकदा ढोसलं की सुटेल असं म्हणत हे लोखंडी गज घेऊन चढले. यंत्र चालूच, दोर शिडीलाच. मी अंगणातून पाहत होते आणि मला काहीच वाटलं नाही. रोज ते कशावर ना कशावर चढतातच.

कवच फुटलं आणि हे आत गेले. भाऊजींनी ओरडून यंत्र बंद करायला सांगितलं, ते धाकटीनं धावत जाऊन केलं. तोवर भाऊजी कमरेला दोर बांधून आत उतरले होते. मी आणि ड्रायव्हरनं वरून दोर ओढला, तर टोकाला हे होते. मग भिंतीला चिकटलेला मका कोसळला. शेजारी आले, पत्रा कापला, सगळा मका अंगणात सांडला. भाऊजी सगळ्यात शेवटी आले.

हे बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. दोर एकाच्या कमरेचा दुसऱ्याकडे कसा गेला, एवढंच धाकटी विचारते.

ठकू

४ मार्च

चि. ठकूस,

थांबून विका असं मीच लिहिलं होतं. ते डोक्यातून जात नाही. तुझी वहिनी म्हणते, पत्रं कसली लिहिता, उठा आणि जा. पण दाजींसमोर आणि त्या पोरीसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू?

यंदा शेतात काय करायचं ते मी सांगणार नाही.

दादा

३० जून

ती. दादास सा. न. वि. वि.

भाव तू म्हणाला होतास तसाच चढला. सांडलेल्यातला चांगला मका धाकटीनंच निवडून विकायला लावला. काळा पडलेला खड्ड्यात पुरला, गुरांना घालू दिला नाही. कोठी भंगारात गेली.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. मला आधी एक गोष्ट ऐकायची आहे, मग ठरवते, असं तिनं त्यांना सांगितलं. ह्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसली आणि हलेना. शेवटी ह्यांनी तोंड उघडलं. मका छातीपर्यंत आला होता. भाऊजींनी स्वतःचा दोर सोडून ह्यांच्या काखेखाली आवळला. हे नको नको म्हणत होते. तेव्हा भाऊजी म्हणाले की तोंड मीट, श्वास वाया घालवू नकोस, तुला वर घेतलं की माझ्यासाठी दोर खाली टाकतीलच.

दोर टाकला होता, दादा. धाकटीनंच टाकला होता.

तिनं उठून स्टूल जागेवर ठेवलं. मग ह्यांना म्हणाली की तुम्हाला माफ केलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही, पण पेरणी थांबणार नाही. वडिलांना जेवू घातलं आणि परत पाठवलं.

वरच्या तुकड्यात आता मका आहे, खालच्यात सोयाबीन. तिनंच ठरवलं. उगवण दाट आहे, ओळी सरळ आहेत. या वर्षी मका वाळला की पडेल त्या भावाला लगेच विकायचा, हेही तिनंच ठरवलं. मी मान डोलावते. हे बांधापर्यंत येतात, आणि यंत्राचा आवाज आला की मागे फिरतात.

कोणत्या तोंडानं येऊ, असं तू विचारलंस. हेही अंगणात निघताना मला हेच विचारतात. म्हणून तू ये. पीक बघायला नको, ते आम्ही दोघी बघतो. ह्यांच्याशेजारी बसायला ये.

या खेपेला लोभ पत्रातून धाडू नकोस.

तुझी ठकू