मुदाशिरूचा सुजलेला पाय

प्रिय मुदाशिरू,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र इथल्या मोटार अड्ड्यावरून ओग्बोमोशोला जाणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तुमच्या विद्यापीठाच्या फाटकावरून तो रोज जातो. सोबत खायला काही पाठवलेलं नाही. पाठवलं असतं तर तुला ते टाकून द्यावं लागलं असतं, आणि चांगलं मांस घातलेला रस्सा कचऱ्यात गेलेला मला सोसत नाही.

मी इथे बहिणीकडे बरी आहे. तिच्या दुकानात बसून कंदाचं पीठ विकते. आपल्या इवोच्या बायका घासाघीस करतात, पण निदान शेवटी पीठ घेतात. इथल्या बायका अर्धा तास भाव पाडतात, माझ्या आईबापाची चौकशी करतात, आणि शेजारच्या दुकानातून घेऊन जातात. बहीण म्हणते, "तुझं तोंड बघून गिऱ्हाईक परत जातं. जरा हसत जा." हसते मग. काल एक बाई घाबरलीच.

मी तुझ्या बाबांची धाकटी बायको म्हणून त्या घरात आले तेव्हा तू जेमतेम माझ्या कमरेएवढा होतास, आणि पायाला भिंगरी लागलेली. तुझी आई तुला मीठ आणायला पाठवायची आणि तू सगळ्या इवोला फेरी मारून, मीठ सोडून बाकी सगळ्या बातम्या घेऊन यायचास. मी घरात नवीन होते, माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. गावात कुणाची शेळी व्याली, कुणाचं भांडण झालं, हे मला तुझ्याकडून कळायचं. तुला मी जन्म दिला नाही, पण त्या घरात मला पहिल्यांदा कुणी आई म्हटलं असेल तर ते तू. माझ्या पोटची रोफिअत फार नंतरची.

तू विद्यापीठात गेलास आणि बाबांची छाती फुगली. तरुणपणी ते लाकडाच्या ट्रकांमागे मैलोन् मैल चालले आहेत. मशिदीबाहेर ते सगळ्यांना सांगायचे, "मी चाललो, आता माझा मुलगा बसेल. पुस्तकातून मान वर काढत नाही पठ्ठ्या!" आपल्या घरात बसणं हा मान आहे. जो मोठा तो बसतो, बाकीचे उभे राहून वाढतात. त्यामुळे तू सुट्टीत घरी येऊन दिवसभर कोचावर पाय दुमडून फोनमध्ये डोकं घालायचास तेव्हा कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मीच पाणी हातात आणून द्यायचे.

तुझ्या होस्टेलवर मी आले तेव्हाही मला वाईट असं काही दिसलं नाही, गंमतच वाटली. प्लगशेजारचा पलंग तू भांडून मिळवला होतास. अभ्यास त्यावर, जेवण त्यावर, सिनेमे त्यावर. वर्गातलं शिकवणं कुणीतरी फोनवर घेऊन यायचं. वर्गात जायचंच झालं तर होस्टेलच्या दारातून मोटरसायकल थेट वर्गाच्या दारात. तुझ्या खोलीतला कायोदे दारातून पाण्याची पिशवी फेकायचा आणि तू मान न वळवता एका हाताने झेलायचास. मला म्हणाला, "मावशी, हे आमचे चेअरमन. यांना उठवायचं तर आधी मतदान घ्यावं लागतं." सगळी पोरं हसली, पण त्यांतलंही कुणी उठलं नाही. सगळ्यांच्या चपला पलंगाखाली नव्याकोऱ्या. मी म्हटलं, "अरे, पाय दिलेत ना देवाने?" तर तू म्हणालास, "धाकटी आई, पाय परीक्षेला बसत नाहीत." मीही हसले. घरी येऊन बाबांना सांगितलं, तेही हसले.

मग त्या दिवशी मी डाळीचा रस्सा घेऊन आले आणि तुझा डावा पाय पाहिला. पोटरी मुसळासारखी टणक, लाल, पँट वर चढेना. तू म्हणालास, "आखडलाय जरा." कायोदेने आणि मी तुला दोन बाजूंनी धरून टॅक्सीत घातलं. त्या डॉक्टरीणबाई आठवतात? काडीसारखी पोरगी, पण आवाज ठाणेदाराचा. "दिवसभर करतोस काय?" "वाचतो." "कुठे?" "पलंगावर." "जेवतोस कुठे?" "पलंगावर." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तुला तिथे दावणीला बांधलं होतं. तिने सांगितलं, महिनोन् महिने बसून बसून पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ती थांब म्हणेपर्यंत एकही न चुकवता. थोड्या थोड्या वेळाने उठून चालायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर मग माझ्याकडे आणूच नका, म्हणाली. तू फरशीकडे बघत होतास, पण ऐकलंस तू. मी तुझ्या शेजारीच होते.

त्यानंतर तुझी आई आली. पाय बघितला आणि डोक्याला हात लावून खाली बसली. असा पाय कशाने सुजतो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुणीतरी वाटेत करणी पुरली आणि पोराचा पाय तिच्यावर पडला. पुरली कुणी? जी सगळ्यांत आधी पोचली तिने. "हिला कसं कळलं? कुणाला न विचारता त्याला थेट हॉस्पिटलात कसं नेलं?" करायला गेले एक आणि झालं भलतंच. तुझ्या आईवर माझा राग नाही. तिला एकच मुलगा आहे, आणि भीती वाटली की आईला नावागावाचा शत्रू लागतो. पलंगाच्या नावाने ती काय ओरडणार?

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तू आईला सांगितलं नाहीस. त्याचंही मला नवल वाटलं नाही. शत्रूने पाय सुजवला म्हटलं की माणूस मोठा होतो, बसून बसून सुजला म्हटलं की लोक हसतात. फक्त एक गोष्ट त्या दिवशी जिभेवर आली होती आणि मी गिळली. करणीवर पाय पडायला पाय जमिनीवर टेकावा लागतो, मुदा. बाबा म्हणाले, "चार दिवस बहिणीकडे जा." माझी पिशवी त्यांनी स्वतः गाडीत ठेवली. रोफिअतची शाळा होती म्हणून ती तिथेच राहिली. ती रोज फोनवर विचारते, चार दिवस अजून किती दिवसांचे आहेत. मला तिची फार आठवण येते. रात्री हात आपोआप बाजूला जातो आणि तिथे बहिणीची कोपरं लागतात.

गेल्या आठवड्यात तुझे मोठे काका निरोप घेऊन आले. मशिदीतल्या अल्फांनी पाण्यात कुराणातल्या आयती फुंकून पाहिलं म्हणे, आणि तोडगा निघाला. जिने ठेवलं तिने शुक्रवारच्या नमाजानंतर घरच्यांसमोर कबूल करायचं, त्याच पाण्याने तुझा पाय धुवायचा, की झालं. गावात वाच्यता नाही. तुझ्या आईने स्वतः सांगून पाठवलं, की तिने हे एवढं केलं तर माझ्या घरात तिला आधीसारखीच जागा आहे. काका गेल्यावर बहीण म्हणाली, "बाजारात दिवसाला दहा खोटं बोलतेस. अकरावं बोल आणि पोरीकडे जा." मला पटलं. अब्रू धुऊन काय प्यायची आहे? मी काय बोलायचं तेही ठरवलं. मत्सर झाला, सैतानाने बुद्धी फिरवली, माफ करा. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्या वेळी रडूही आलं. पिशवी भरली. रोफिअतसाठी पिवळ्या रिबिनी घेतल्या.

मग काल रोफिअतचा फोन आला. आनंदाने नुसती चिवचिवत होती. "आई, तू येणार ना शुक्रवारी? मुदादादा पण येणार आहे. तो फोनवर म्हणाला, तू पाय धुतलास की तो गोळ्या गटारात टाकणार. अल्फा म्हणाले, दोन्ही औषधं एकत्र चालत नाहीत. दादा म्हणाला, बरंच झालं, आता परीक्षेपर्यंत पलंगावरून हलायला नको."

म्हणून मी शुक्रवारी येणार नाही. घरच्यांच्या आधी हे तुला कळावं एवढ्यासाठी हे पत्र. काका पुन्हा येतील तेव्हा मी त्यांना सांगणार आहे की मी काही ठेवलं नाही आणि काही उचलणारही नाही. ते म्हणतील, बाई दगडाची आहे. तुझी आई म्हणेल, बघा, अजून तिच्या पोटात विष आहे. तूही तसंच मान हवं तर, माझी हरकत नाही. करणी अजून तशीच आहे म्हणून घाबर, आणि त्या भीतीने गोळी घेत राहा. उठून मशिदीपर्यंत जा, परत ये, पुन्हा जा. डॉक्टरीणबाई थांब म्हणेपर्यंत मी इथे पीठ विकेन. नंतरचं नंतर बघू. आणि मुदा, एवढं कर. मला येता येत होतं, हे रोफिअतला कधी सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी आई