पाय कुणाकडे वळतात

४ फेब्रुवारी

आले एकदाची! प्रवासात कंबरेचा पार चुराडा झाला, पण खोली बघितली आणि सगळा शीण उतरला. मागच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी, खिडकीत लिंबाच्या झाडाची फांदी, आणि टेबल चक्क न डगमगणारं. खाली औषधांचं दुकान, वर घर, त्यामुळे जिन्यात कफ सिरपचा गोडसर वास दरवळत असतो. दुकानाचे मालक म्हणजे घरातला मुलगा. त्यांना मी मनातल्या मनात केमिस्टसाहेब म्हणून टाकलं आहे. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बॅग माझ्या हातून ओढूनच घेतली.

मी ज्यांच्यासाठी आले त्या आजी, केमिस्टसाहेबांच्या आई. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजतं मात्र सगळं. आता इथे राहून त्यांना पुन्हा बोलतं करायचं. दवाखान्यात एकेका पेशंटला जेमतेम वीस मिनिटं मिळायची, इथे अख्खा दिवस हाताशी आहे. स्पीच थेरपिस्टला आणखी काय हवं?

माझी पद्धत ठरलेली. सुरुवातीला काही शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. तोंडाने माणूस हवं ते बोलतो. पायांना अजून कुणी खोटं बोलायला शिकवलेलं नाही. वहिनी माझ्याशी तोंडभर गप्पा मारत होत्या, पण पाय स्वयंपाकघराकडे वळलेले. म्हटलं, गॅसवर काहीतरी आहे. दूध उतू गेलंच! केमिस्टसाहेब काही लपवायचं असलं की कानाची पाळी ओढतात. असं फुकटचं ज्ञान गोळा करायला मला भारी आवडतं.

हॉलमध्ये खिडकीपाशी वेताची मोठी खुर्ची आहे. बाकीचे कुणी तिच्यात बसेनात, म्हणून मीच ऐसपैस बसले. उत्तम खुर्ची.

६ फेब्रुवारी

आजींचा डावा हात काय बोलका आहे! तहान, उशी, पंखा, सगळं हाताने सांगतात. एकच खूण पुन्हा पुन्हा करतात: तळवा जमिनीकडे करून हवा खाली दाबायची, सावकाश. लहान मुलाला ‘खाली बस’ सांगावं तशी. मी बसते. तरी त्यांचं समाधान होत नाही, पुन्हा दाबतात. वहिनींना विचारलं, तर त्या लगेच म्हणाल्या, दमून जाऊ नका असं म्हणतायत. उत्तर जरा जास्तच पटकन आलं. असो. आजींना माझी काळजी वाटते, हे काय कमी आहे?

९ फेब्रुवारी, रविवार

एक गंमत सापडली. गंमत म्हणावी की नाही, कोण जाणे.

घरात मधला पॅसेज चांगला ऐसपैस आहे. तरी ही दोघं भिंतीला घासून चालतात. समोरून एखादं धिप्पाड माणूस येत असावं आणि त्याला वाट द्यावी, अगदी तसं. हॉलमध्ये एकमेकांशी बोलतात, पण पाय वेताच्या खुर्चीकडे वळलेले. केमिस्टसाहेबांना हसू आलं की आधी नजर तिकडे जाते आणि मग ते हसतात. परवानगी मिळाल्यासारखे.

आज आजींचा व्यायाम घ्यायला फिजिओ आला होता. जुना माणूस आहे, या घराला वर्षानुवर्षं ओळखतो. जिन्यात गाठून त्याला विचारलं. तो म्हणाला, हे सगळं अप्पांचं. अप्पा म्हणजे आजींचे यजमान, चार वर्षांपूर्वी गेले. घरात त्यांच्यासमोर कुणी मान ताठ ठेवून बोललं की ताट भिरकावायचे. आजींना पडणारा मार तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. बोलताना त्याचा हात नकळत स्वतःच्या गळ्याशी गेला.

म्हणजे शरीरं लक्षात ठेवतात. माणूस गेला, तरी यांचे पाय अजून त्याला वाट देतायत. वाईट वाटलं. पण कोडं सुटल्यामुळे, खोटं कशाला बोलू, स्वतःची पाठही थोपटली.

१३ फेब्रुवारी

मटार सोलता सोलता वहिनींपाशी विषय काढला. म्हटलं, तुम्हालाही फार सोसावं लागलं असेल ना अप्पांचं.

त्या शेंगा सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांनी अप्पांना कधी पाहिलेलंच नाही. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

एवढं बोलून त्या मटारांची परात घेऊन आत गेल्या. भिंतीला घासून.

१७ फेब्रुवारी

आजींच्या ओठांतून आज ‘आ’ निघाला. कापरा, पण स्वच्छ. मी टाळ्या वाजवल्या.

अंग पुसताना मात्र मनगटावर वळ दिसले. उजव्या, लुळ्या हातावर, जो त्यांना सोडवून घेता येत नाही. बोटांचे वळ. मी केमिस्टसाहेबांना विचारलं. पलंगाच्या दांडीला लागलं असेल, असं म्हणाले, आणि कानाची पाळी ओढली.

बापाचं वळण मुलात उतरतं, हे मी दवाखान्यात पुष्कळदा पाहिलंय. कुणी केलं म्हणून आजींना विचारलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पुन्हा ती खूण. खाली. खाली.

या बाईंना इथे एकटं सोडायचं नाही, असं ठरवलंय.

२० फेब्रुवारी

दंडावर नवा वळ. केमिस्टसाहेब सकाळपासून दुकानात होते, दुपारचं जेवणही खालीच मागवलं. मग? वहिनी? त्यांच्या हातांत तेवढा जोर नाही.

एक बदल झालाय. ही दोघं माझ्याशी फारच आदराने वागायला लागली आहेत. पहिला कप मला. मी आत आले की केमिस्टसाहेब उठून उभे राहतात. गप्पा मारताना त्यांचे पाय आता खुर्चीकडे नसतात, मी बसेन तिकडे वळलेले असतात. आधी बरं वाटलं. वाटलं, बसला विश्वास यांचा.

आज पॅसेजमधून वहिनी अगदी मधून चालत आल्या, गुणगुणत. मी समोरून आले, तशा भिंतीला चिकटल्या.

रविवारी फिजिओ आला नव्हता. फोनवर म्हणाला की आता त्याला जमणार नाही. कारण सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

आजी बोलल्या! पहिला शब्द! ‘अहो’! ‘ह’ सकट, सुरेख! मला हाक मारली त्यांनी!

आनंदाने मी नाचायचीच बाकी होते. वहिनी दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या, कप खाली पडून खळकन फुटला. मला वाटलं, त्यांनाही आनंद झाला.

(संध्याकाळी) काचा भरताना वहिनी हळूच म्हणाल्या, सासूबाई सगळ्या बायकांना अगं म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनासुद्धा. अहो त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला म्हटलंय.

मी त्यांना समजावलं. झटक्यानंतर जिभेवर रुळलेले जुने शब्द आधी परत येतात, पुस्तकात दिलेलं आहे. खरंच दिलेलं आहे.

पण हाक मारताना आजी माझ्याकडे बघत होत्या. हनुवटी छातीला टेकलेली, चांगला गुडघा पोटाशी ओढलेला. हे शरीर काय म्हणतं ते मला वाचता येतं. भीती.

माझी?

२५ फेब्रुवारी

आज कपाटावर औषधांच्या बाटल्यांमागे मोबाइल लावून ठेवला, रेकॉर्डिंग सुरू करून. दुपारी आजींच्या खोलीत बसल्या बसल्या माझा डोळा लागतोच. जो कुणी येत असेल, तो त्याच वेळी येत असणार. पकडतेच त्याला.

(त्याच दिवशी)

पाहिलं.

खोलीत कुणीही आलं नाही. मी खुर्चीत झोपलेली. मग मी उठते. हात पाठीमागे बांधते आणि फेऱ्या मारायला लागते, पाय फाकवून, टाच आपटत. मी अशी चालत नाही. जन्मात कधी चालले नाही.

पलंगापाशी जाऊन मी उभी राहते. आजी तळवा खाली दाबतात आणि त्याच वेळी स्वतःची मान तळव्याहून खाली नेतात. मला शिकवत होत्या त्या. बस नाही. मान खाली घाल, त्याच्या नजरेत येऊ नकोस. पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघून गोड हसत होते. बघण्याचा पगार घेते मी.

मग माझा हात त्यांच्या मनगटाकडे जातो. पुढचं बघवलं नाही.

यातलं काहीएक मला आठवत नाही.

आत्ता जाऊन त्या वळांवर माझी बोटं ठेवून पाहिली. बसतात.

२६ फेब्रुवारी

दोघांना व्हिडिओ दाखवला. केमिस्टसाहेबांनी पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघत उभे राहिले. मग जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. अप्पा गेले, पण घरातून हलले नाहीत. दिसत कुणाला नाहीत, पण कुठे आहेत ते अंगाला कळतं. आधीच्या दोन नर्स भित्र्या होत्या, खाली मान घालून कामं करायच्या, घाबरून निघून गेल्या. मी पहिल्याच दिवशी अप्पांच्या खुर्चीत बसले. सगळ्यांच्या डोळ्यांत बघते, रिकाम्या जागेकडेसुद्धा टक लावून बघते. अप्पांनीही मग माझ्याकडे बघितलं असेल.

मी विचारलं, कळल्यावर मला का सांगितलं नाही.

ते रडायला लागले. म्हणाले, चार वर्षांनी घर हलकं झालं होतं. बायको गुणगुणायला लागली होती. वाटलं, राहू दे त्यांना तुमच्यातच अजून थोडे दिवस.

आणि आजी? आजींचं काय? ते नुसते कानाची पाळी ओढत राहिले.

उद्या सकाळी गाडी सांगितली आहे. मी आजींना इथे ठेवणार नाही, माझ्याबरोबर नेणार. माझ्या ताईकडे, दवाखान्यात, कुठेही. केमिस्टसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

पण त्यांना बरोबर घेऊन मी — मीच तर —

नाही. त्यांना नाही नेता येणार. मी लांब गेले तरच त्या सुटतील.

२७, सकाळ

बॅग भरली. ताईला फोन केला. म्हणाली आवाज काय घोगरा झालाय, सर्दी झाली का. झाली असेल.

आजींना सांगायला गेलो.

गेले. गेले. मी गेले. मी बाई आहे, मी गेले.

आत पाऊल टाकलं तशी त्यांनी मान खाली घातली. मी दारातूनच हात जोडले. जोडायचे होते. हात पाठीमागे होते. सुटेनात.

गाडी आली आहे. खालून हॉर्न वाजतोय. उठायला पाहिजे. खुर्ची सोडवत नाही — कधी बसलो — बसले —

वहिनी आजींना चाकाच्या खुर्चीतून इथे हॉलमध्ये घेऊन आल्या आहेत. का? मी सांगितलं नव्हतं. आजींनीच खूण केली असेल. माझ्या समोर आणून उभी केली खुर्ची. वहिनी मागे भिंतीशी.

आजी मान वर करतायत. हळूहळू, कापत. पण वर. सरळ माझ्या डोळ्यांत बघतायत. ओठ हलले. दुसरा शब्द —

‘जा’ म्हणाल्या.

किती स्वच्छ. शाबास, आजी. कुणाला म्हणाल्या? मला पळ म्हणाल्या, की त्याला —

पुन्हा म्हणाली. जा. मान ताठ. डोळ्याला डोळा देऊन. माझ्या घरात, माझ्या खुर्चीसमोर. चार वर्षं लक्ष दिलं नाही तर हिची एवढी —