आत कुणी नाही

७ जानेवारी २०१८, मानेसर
आले बाई एकदाची. पुण्यात सगळे विचारत होते, दिल्लीच्या थंडीत एकटी काय करणार. काय करणार म्हणजे? गुरुग्रामहून कंपनीच्या बसने येणार, आलं घातलेला चहा पिणार आणि एमआरआय मशीन चालवणार. मेंदूतलं दुखणं इथे चित्रात पकडतात. आईचं डोकं ठणकायचं तेव्हा घरातले म्हणायचे, मनाचे खेळ. ती तशीच गेली. आता दुखणं पडद्यावर दाखवून सगळ्यांची तोंडं बंद करायची आहेत मला.

नव्या माणसाने आधी स्वतः मशीनमध्ये झोपायचं, ही इथली रीत. झोपले. माझ्या मेंदूत डाव्या कानामागे पांढरा ठिपका निघाला. आमचे प्रमुख शशिकांत सर म्हणाले, बिल्कुल निरुपद्रवी, जन्मखूण समज.

१५ जानेवारी
जवळच्या लष्करी छावणीतून शेवंताबाई आल्या, सुभेदाराची बायको. अर्धा चेहरा ठणकतो, सासरचे म्हणतात सोंग करते. पेशंटच्या हातात रबरी फुगा देतो. सहन होईना की दाबायचा, इकडे घंटा वाजते. बाईंनी उगीचच दोन-तीनदा दाबला. म्हणाल्या, कुणी येतं का बघत होते. मी दर वेळी गेले.

२१ जानेवारी
नवा निळा स्वेटर घातला. रोज सकाळी पेशंटच्या आधी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा आत ठेवून मशीन तपासतो. आज तेवढ्यात घंटा वाजली. आत नुसता गोळा. घंटा बंद केली, 'आत कुणी नाही' असं लिहिलं, कप उचलला आणि चहाला गेले.

२२ जानेवारी
पुन्हा घंटा. आणि गोळ्याच्या चित्रात मेंदू. दुखण्याच्या जागा लालभडक. सर म्हणाले, जुनं चित्र राहिलं असेल, डिलीट कर, छोड़ दो यार. नाही केलं. कुणी हात तर लावून बघा.

२३ जानेवारी
त्या मेंदूत डाव्या कानामागे पांढरा ठिपका. माझा. मला तर काहीच दुखत नाही —

भीती वाटते, खूप वाटते. सर म्हणाले, सुट्टी घे, मनाचे खेळ आहेत. हे ऐकायला इतक्या लांब नाही आले मी. आत कुणीतरी तळमळतंय. कुणी जात नसेल तर मी जाणार.

२४ जानेवारी
आत आहे. वही पोटावर, लाकडी पेन्सिल. मशीन लावूनच आत झोपले. डोकं — आई गं. एवढं दुखत होतं तुला?

डोळ्यांवरच्या आरशात काचेपलीकडची खुर्ची दिसते. खुर्चीत — मी. निळा स्वेटर. आज तर मी तो घातलेला नाही.

फुगा दाबला. तिने घंटा बंद केली. काहीतरी लिहिलं. कप उचलला —

ए बाई, थांब. पुन्हा दाबतेय. दाबतच राहणार, बघू तू किती वेळा