पुंगळीच्या बुडावरचा अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलतीच खुशीत आहे. दापोडीहून बस, मग दुसरी बस, आणि भोसरीच्या पुढे शेडच्या रांगेत आमची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. शेजारी पत्र्याचे डबे रंगवायचा कारखाना, त्यामुळे रंगाचा वास फुकट. बंदुकांच्या विभागात दोनच तपासनीस, सलिल सर आणि मी. सर चहा बिनसाखरेचा पितात, पण बोलायला गोड आहेत.

सकाळी निघताना अण्णांनी दोन्ही पंजे नाचवून दाखवले. जन्मभर पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करून आपण दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झालो, हे माझे वडील लग्नात, बारशात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही सांगतात. लोक कंटाळतात. मला अजून ऐकायला आवडतं.

इथे प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागतात. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, मगच सही. पण एकजण कोर्टात अडकला की काम तुंबतं, म्हणून नव्या माणसानं आल्या दिवशीच कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवायची इथली रीत आहे. मीही पेढा खात खात गठ्ठाभर केल्या. 'आम्रपाली'मधला 'म्र' आज फार झोकात येत होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली केस. चाकणला प्रेस शॉप चालवणारा हिंदुराव नावाचा ठेकेदार स्वतःच्या केबिनमध्ये गोळी लागून मेला. पहिली पाळी जोरात चालू होती. गोळीचा आवाज कोणी ऐकला नाही, प्रेसचा ठोका तेवढा ऐकला म्हणतात. जमिनीवर काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी सापडली. संघर्ष नावाच्या पोराला पकडलंय. तिथल्याच प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला होता आणि त्यावरून तो हिंदुरावाशी भांडला होता. घरात गावठी कट्टा सापडला म्हणे.

अण्णांनी जेवताना विचारलं की पुंगळी बघून काय कळतं. मी त्यांना समजावलं, की गोळी पुढे सुटते तशी पुंगळी मागे आपटते. मागच्या पोलादावर कानशीचे जे ओरखडे असतील ते तिच्या बुडावर उमटतात, आणि प्रत्येक बंदुकीचे ओरखडे वेगळे. अण्णा म्हणाले, म्हणजे बंदूक सही करते. अगदी तसंच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कट्ट्यातून चाचणीची गोळी झाडली. तिच्या पुंगळीवर कानशीचे आडवे ओरखडे, अपेक्षेप्रमाणे. मग केबिनमधली पुंगळी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मी चक्क हसले. बुडावर अंगठा होता. घामाचा किंवा तेलाचा ठसा नव्हे, तो पुसला जातो. या रेषा पितळेत रुतलेल्या होत्या, आणि त्यांना छेदून जाणारा एक जुना व्रण. पोलाद असायला हवं तिथे मागून कोणीतरी अंगठा लावून धरला होता, आणि तो अंगठा हलला नव्हता.

सर म्हणाले, विचित्र कानस असेल, जुळतंय असं लिहून टाक. मी म्हटलं, जुळत नाही, लिहिणार नाही. ते हसले. मी हसले नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पोलीस संघर्षला डाव्या हाताचे ठसे द्यायला घेऊन आले. पोरगा माझ्याहून लहान. त्यानं सांगितलं, त्या प्रेसला दोन बटणं आहेत. दोन्ही हात बटणांवर असतील तरच ठोका पडतो, म्हणजे हात आत राहत नाही. हिंदुरावानं एका बटणात लाकडी पाचर मारून ठेवली होती. एक हात मोकळा, माल दुप्पट. आणि सोपानराव नावाच्या तपासणीवाल्यानं मशीनजवळ न जाताच 'सुरक्षित' म्हणून सही दिली.

कंपनीच्या हजेरीच्या मशीनमधला त्याच्या उजव्या अंगठ्याचा जुना ठसा पोलिसांनी आणला होता. मी तो पुंगळीशेजारी लावला. त्याच रेषा. तोच व्रण. संघर्षनं पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, अंगठा माझाच हाय. पन तो माझ्याकडं न्हाई."

हवालदारानं आणखी एक सांगितलं. हजेरीच्या मशीनवर पहिल्या पाळीला रोज त्याची हजेरी लागते. तो कोठडीत असतानाही.

मला भीती वाटली. लिहून ठेवते, कारण खोटं कशाला. पण भीती वाटली म्हणून कट्टा जुळत नाही तो जुळणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोपानराव मेला. वाकडला, भर दुपारी, मॉलसमोर, आतून लॉक केलेल्या गाडीत. काचा शाबूत. सीटवर पुंगळी, तिच्या बुडावर तोच अंगठा. संघर्ष कोठडीत होता, आता तरी सुटेल, असं मी आनंदानं सरांना सांगायला गेले.

सर म्हणाले, त्याचा साथीदार असेल. आणि पहिला अहवाल तर कधीच गेला. कट्टा जुळतो असा. दोन सह्यांनिशी.

दुसरी सही माझी. पेढा खाताना केलेली.

दोन बटणं, दोन सह्या. इथली पाचर मीच मारली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांशी कडाक्याचं भांडले. अहवाल मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, आपल्यावर वरून दबाव आहे आणि तो पोरगा कोण लागतो तुझा. कोणी लागत नाही. म्हणूनच तर सही नीट हवी होती.

बाकीचे कोरे कागद फाडले. बस स्टॉपवर ठोका ऐकू आला. जवळपास प्रेस नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सर गेले. चहाच्या वेळी. मी भिंतीपलीकडे कप धूत होते. धप्प असा एकच ठोका. धावत गेले तर सर खुर्चीत, छातीवर डाग, चहा तसाच गरम. पुंगळी टेबलाखाली. मी उचलली नाही. बघायची गरज नव्हती.

हिंदुराव. मग ज्यानं न बघता सही केली तो. मग सर. आता—

अण्णा म्हणतात, आत्याकडे नागपूरला जा. मी म्हटलं, उद्या कोर्ट आहे. अण्णांनी दोन्ही पंजे मांडीवर ठेवले. दाखवले नाहीत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उभी राहिले आणि सांगितलं. अहवाल खोटा. कट्टा त्या पुंगळीचा नाही. सही माझी, पण कोऱ्या कागदावर. काय होईल ते होऊ दे. नोकरी गेली, बहुतेक खटलाही होईल माझ्यावर.

संघर्षला जामीन. जाताना त्यानं हात जोडले. उजव्या पंजात अंगठ्याची जागा रिकामी. मला रडू आलं, आणि रागही आला. त्याच्यावर नाही, त्या अंगठ्यावर. मारलंस तिघांना, आणि लटकत होता तुझाच माणूस. त्याला सोडवायला तुला नाही जमलं. मला जमलं.

२६ नोव्हेंबर, सकाळ

खिडकीत पुंगळी. चहाच्या कपाशेजारी. गरम.

भिंगातून पाहिली. संघर्षचा अंगठा नाही. मध्ये अर्धा चंद्र — लहानपणी स्टोव्हला भाजल्याचा. माझा. म्हणजे या वेळी सही माझी.

माझा अंगठा हाताला आहे. मोजला. हसू आलं. अजून आहे.

ठोका. गल्लीत.

अण्णा बाहेरून आले. माझा डावा हात त्यांच्या दहा बोटांत धरून बसलेत. उजव्यानं मी लिहितेय.

ठोका. जिन्यात.

पळणार नाही. ज्या हातानं न बघता सही केली, त्याच हातानं ती खोडली, सगळ्यांसमोर. तुला घाबरून नाही. तू आला नसतास तरी मी—

दार लावलेलं नाही. ये. आधी माझ्याकडे नीट बघ, हिंदुराव नुसता माल बघायचा तसं नाही, सोपानरावासारखं लांबून नाही, जवळून बघ, आणि मग ठरव की मला मारायचं की—