संकट कोणाचे?

प्रिय पेक युन,

बातमी आधी सांगते. बाबांचा अरोवाना, तो टाकीतला ड्रॅगन मासा, मेला. सोमवारी सकाळी टाकीबाहेर, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर फरशीवर पडला होता. हातभर लांब, लालभडक, कडक झालेला. आदल्या संध्याकाळी त्याला बेडूक चारताना बाबांनी झाकणावरची वीट काढली आणि परत ठेवायला विसरले. पाल दिसली की हा मासा उसळी मारतो, झाकणावर वीट हवीच, असे तुला लहानपणी तेच बजावायचे.

मला वाटले, आता रडारड. ज्या माशाला वर्षानुवर्षे कोळंबी सोलून भरवली (माझ्यासाठी एकदाही सोलली नाही), तो गेला. पण बाबा चक्क हसत होते. आपल्या लोकांची समजूत तुला ठाऊक आहे : ड्रॅगन मासा उडी मारून मेला, की तो धन्याचे संकट घेऊन गेला. शेजारचे कियोंगकाका दारातूनच ओरडले, "वहिनी, घात टळला! आता बदक भाजा!" बाबांनी मासा आंब्याखाली पुरला, उदबत्त्या लावल्या आणि मलाक्याच्या इस्पितळात फोन करून महिनाअखेरचे हृदयाचे ऑपरेशन रद्द केले. डॉक्टरांनी थांबू नका म्हणून सांगितले होते. बाबा म्हणाले, "डॉक्टरला मासे कुठे कळतात!"

मी समजावून पाहिले, रागावून पाहिले. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. घरात त्याचा काडीचा उपयोग नाही. शेवटी काल जेवताना विचारले, "मासा सांगून गेला का, की संकट तुमचंच नेलं? या घरात मीही राहते. माझं नेलं असेल तर?"

चॉपस्टिक्स वाटीतच राहिल्या. बाबा म्हणाले, "तुझं नेलं असेल, तर बरंच झालं." आणि उठून इस्पितळाला फोन लावला. तारीख तीच मिळाली, तीस.

माझे काम झाले. पण त्यांना माशाचा जो भरवसा होता, तो मीच काढून घेतला. आता ते घाबरले आहेत. कबूल करणार नाहीत. रिकामी टाकी पुन्हा पुन्हा पुसत बसतात. मघाशी मला विचारले, "पर्थहून येणारी विमानं या दिवसांत भरलेली असतात का गं?" मी म्हटले, मला काय माहीत. 'ये' म्हणून ते तुला कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. एकोणतीसच्या आत पोहोच.

तुझीच,
आई